तिसरं मत

१

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हृषीकेश गायधनी इंटरकॉम उचलायचा आणि विचारायचा, "प्रभाकर, पंच काय म्हणतो?"

"दोघांकडे बघी राहिला साहेब," पलीकडून प्रभाकर बागूल सांगायचा. एवढं झालं की दिवस सुरू झाला असं दोघंही धरून चालत.

सिल्वासाहून नरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो कारखाना होता आणि त्यात पॉलिएस्टरचं सूत निघायचं. साल चौऱ्याण्णव. वितळलेला माल पाइपांतून अखंड वाहता ठेवावा लागे. तो थांबला की आतल्या आत घट्ट होई, आणि मग तीन दिवस सगळी माणसं छिन्नी-हातोडा घेऊन पाइपांशी झुंजत. म्हणून त्या मालाचं तापमान सांभाळायला कॉम्प्युटर एक नव्हता, दोन होते. एक नंबर जुन्या शेडमध्ये, दोन नंबर पटांगणापलीकडच्या नव्या शेडमध्ये. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, सूत तुटायला नको.

यात एक गोम होती. दोघांमधली तार तुटली तर काय? एकाला वाटणार दुसरा मेला, दुसऱ्यालाही तेच वाटणार, आणि मग दोघंही एकाच भट्टीला हुकूम सोडत बसणार. एक म्हणणार तापव, दुसरा म्हणणार निवव. असा घोळ होऊ नये म्हणून हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगला लागतो तसा इथेही कोरम लागे. एकूण मतं तीन. एक मत एक नंबरचं, एक दोन नंबरचं आणि तिसरं मत मधल्या पॅनेल रूममध्ये ठेवलेल्या एका डिस्कचं. ही डिस्क काम म्हणाल तर काडीचं करत नसे, फक्त मत देई. तार तुटली की दोघं तिच्याकडे धाव घेत. जो आधी पोचला त्याची मतं झाली दोन, तो चालू राही. दुसऱ्याने स्वतः ठणठणीत असूनही जागच्या जागी थिजायचं. कामगारांनी त्या डिस्कचं नाव पंच ठेवलं होतं, आणि पॅनेल रूमचा इलेक्ट्रिशियन प्रभाकर तिची देवघरातल्या समईसारखी निगा राखायचा. प्रभाकर धुळ्याकडचा, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. हृषीकेश नाशिकचा, चौतिशीचा, सिस्टिम इंजिनिअर.

पण मार्चमध्ये विजेचा दाब असा काही वरखाली होऊ लागला की पंचालाच फेफरं येई. पंच बेशुद्ध आणि नेमकी तेव्हाच तारही गेली, की दोन्ही कॉम्प्युटरांकडे एकेकच मत उरे आणि दोन्ही थिजत. असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मॅनेजर टिपणीस सगळ्यांदेखत म्हणाले, "गायधनी, कंपनीने दोन कॉम्प्युटर घेतले ते दोन्ही एकदम बंद पडायला का?"

हे हृषीकेशला फार लागलं. त्याच दुपारी त्याने दोन्ही कॉम्प्युटरांना सांगून टाकलं की एकूण मत एकच, आणि ते तुझं तुलाच पुरे. रजिस्टरमध्ये त्याने 'तात्पुरतं' असं लिहिलं. त्या कारखान्यात तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ दुसरं काही नव्हतं.

२

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी दोन चाळीसला तार गेली आणि दोन एक्कावन्नला परत आली. अकरा मिनिटं. कुठलाही कॉम्प्युटर थिजला नाही, सूत तुटलं नाही, टिपणीसांना पत्ताही लागला नाही. हृषीकेश सबंध वेळ एक नंबरच्या खोलीत बसून होता. त्याला वाटलं, चला, आपली युक्ती लागू पडली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याने दोन्हीकडची छापील नोंद पडताळायला घेतली. एक नंबरच्या कागदावर त्या अकरा मिनिटांत त्याने केलेली दोन कामं होती. दोन नंबरच्या कागदावर दोन त्रेचाळीसला कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरलं होतं. सुताच्या तीन नंबरच्या लाइनचं तापमान दोन अंशांनी उतरवलं होतं. काम नेटकं झालं होतं, त्याने स्वतःही तेच केलं असतं. करणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं: गायधनी.

पासवर्ड कोणाला तरी कळला, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तो पटांगण ओलांडून दोन नंबरच्या खोलीत गेला. आक्काबाई फरशी पुसत होती. ती जवळच्या रांधा गावची, दोन्ही खोल्यांची साफसफाई तिच्याकडे.

"आक्काबाई, दुपारी इथे कोण बसलं होतं?"

ती हसली. "मस्करी करता का साहेब? तुमीच बसलेले ना. मी पानी दिलं तुम्हाला."

"किती वाजता?"

"घड्याल मी नाय बगत. लाइट फडफडली ना, तेवा." मग पोतेरं पिळता पिळता ती म्हणाली, "तुमी बोलले, आक्काबाई, दोन मिनिट बसा पंख्याखाली. दोन वर्सांत पैल्यांदा बोलले."

ती खोटं बोलत नव्हती. हृषीकेश तिला कधीच बसा म्हणाला नव्हता, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

३

तार जुळल्यावर अकरा मिनिटांच्या दोन हकिगती शिल्लक राहिल्या होत्या आणि त्यातली एकच ठेवता येणार होती. हृषीकेशने एक नंबरची ठेवली. दोन नंबरची पुसताना त्याचा हात क्षणभर अडखळला. का अडखळला ते त्याला सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसू? त्याने हो म्हटलं.

घरी आला तर शैलजा दारातच उभी. असं ती लग्नानंतर पहिलं वर्षभर उभी राहत असे. सिल्वासातल्या त्या दोन खोल्यांना ती कंटाळली होती. सात वर्षांच्या शर्वरीला नाशिकच्या शाळेत घालायचं, सासू-सासऱ्यांजवळ राहायचं, हे तिचं दोन वर्षांचं मागणं. हृषीकेश 'बघू' म्हणायचा. बघू म्हणजे नाही, हे शर्वरीलासुद्धा कळू लागलं होतं.

"मी आईंना पत्र टाकलंसुद्धा," शैलजा म्हणाली.

"कसलं?"

"जूनमध्ये येतोय म्हणून. दुपारी तू फोनवर एवढं सांगितलंस, मला राहवेना. घरमालकांच्या हॉलमध्ये उभी राहून रडले मी, वेड्यासारखी."

हृषीकेशने लगेच विचारलं, "फोन किती वाजता आला?"

"पावणेतीन. का?"

खरं तर त्या वेळी त्याने गप्प बसायला हवं होतं. कोणी का केला असेना, फोन चांगला होता. पण तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस आधी आपल्याच माणसावर खेकसतो. "मी फोन केलेला नाही," तो म्हणाला. "मी असलं काही बोललेलो नाही. पत्र परत मागव."

"आवाज तुझाच होता," शैलजा म्हणाली. "फक्त खूप दिवसांनी ऐकला."

त्या दिवसानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

४

मतं पुन्हा तीन करायची तर दोन्ही कॉम्प्युटर थोडा वेळ बंद ठेवावे लागणार होते. टिपणीसांनी रविवार दिला. तोवर हृषीकेशने पासवर्ड बदलला, दोन नंबरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. चोर असेल तर आता तो काय करतो ते बघू, असा त्याचा हिशेब होता. चोर असावा अशी तो मनापासून इच्छा करत होता.

गुरुवारी सकाळी साडेदहाला पटांगणात पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना कोणाची तरी कुदळ केबलवर बसली. एक नंबरच्या पडद्यावर ओळ उमटली, दुसऱ्याशी संपर्क नाही. हृषीकेशने खिसा चाचपला. किल्ली होती. मग त्याने खिडकीतून पलीकडे बघितलं.

पटांगणात कडक ऊन होतं. चरात उतरलेली माणसं, ओल्या मातीचा ढीग, फाटकाशी उभा असलेला टँकर, सगळं जिथल्या तिथे. त्यापलीकडे दोन नंबरच्या खोलीची खिडकी होती आणि खिडकीत फिक्या निळ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा उभा होता. मानेवर हात ठेवून तो पडद्यावरचं काहीतरी वाचत होता. हृषीकेशने स्वतःच्या मानेवरचा हात खाली घेतला. त्याच्याही अंगात फिका निळा शर्ट होता.

त्याने इंटरकॉम उचलला आणि दोन नंबर फिरवला. बेल दोनदा वाजली. खिडकीतला माणूस वळला नाही, नुसता बाजूला हात लांबवून त्याने फोन घेतला.

"हॅलो, गायधनी," आवाज आला.

आपला आवाज टेपवर ऐकला की जरा बारीक, परका वाटतो, तसाच तो होता.

"हॅलो?" पलीकडचा म्हणाला. मग त्याने विचारलं, "एक नंबरमध्ये कोण आहे?" त्या प्रश्नात भीती होती. तो माणूस अगदी हृषीकेशइतकाच घाबरला होता.

हृषीकेश धावत सुटला. चर ओलांडताना पाय मुरगळला, कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. आत खोली रिकामी होती. प्रभाकरच्या माणसाने तेवढ्यात केबलचा निसटलेला सांधा बसवला होता आणि पडद्यावर दोघं पुन्हा एकमेकांना ओळखू लागले होते. खुर्चीवर हात ठेवला तर ती गरम होती. उन्हाने तापली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्या खुर्चीवर ऊन येत नव्हतं.

५

रविवारी दोन्ही कॉम्प्युटर बंद करून त्याने मतं पुन्हा तीन केली. पंचासाठी वेगळी बॅटरी बसवली. काम संपल्यावर तो पॅनेल रूममध्ये प्रभाकरसमोर स्टुलावर बसला. दोन रात्री झोप नसल्याने त्याचे डोळे चुरचुरत होते.

"आता नीट ऐक," तो म्हणाला. "तार गेली की तू आधी पंच कोणाकडे आहे ते बघायचं. ज्याच्याकडे पंच, तो खरा. दुसऱ्याचा वीजपुरवठा लगेच काढायचा. मेन स्विच खाली. विचारत बसायचं नाही."

"तो तर आपोआप थिजतो ना साहेब?"

"थिजतो. पण अर्धवट जिवंत राहतो, आणि तार जुळली की पुन्हा आपलंच म्हणणं पुढे करतो. ते नको. तो काहीही सांगो, त्याच्या पडद्याकडे बघायचंच नाही."

प्रभाकर विडी न पेटवता बोटांत फिरवत राहिला. "आणि त्याले कळतं का? आपण हरलो म्हणून?"

"नाही," हृषीकेश म्हणाला. "त्याला आतून सगळं ठीकच दिसतं. त्याला वाटतं, मी आहे, दुसराच गेला."

हे तो अनेकदा बोलला होता. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर चित्र काढून शिकवलंही होतं. पण त्या दुपारी ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला मंगळवार आठवला. मंगळवारचा जो होता, आक्काबाईला बसा म्हणणारा, शैलजाला जूनचा शब्द देणारा, त्याला आपण हो म्हणून पुसलं होतं. त्यालाही आतून सगळं ठीकच दिसत असेल.

"साहेब," प्रभाकर हळूच म्हणाला, "गुरुवारी चर ओलांडून तुम्ही पळत गेले ना, तेव्हा मी पाहिलं, दोनच्या खिडकीतबी तुम्हीच उभे होते. मले काय समजलं नाही. मी कोणाला बोललो नाही."

"बोलू नकोस," हृषीकेश म्हणाला. "आता एकच राहील."

प्रभाकरने कोणता म्हणून विचारलं नाही. हृषीकेश मनाशी म्हणाला, एक नंबर. पंचाची एक नंबरकडची केबल आखूड, तो नेहमी आधी पोचतो. यापुढे आपण ती खोली सोडायची नाही, बस.

घरी जाताना त्याने ठरवलं होतं की आज शैलजाला जूनबद्दल सांगायचं. पण तिने पान वाढलं, ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि ते राहून गेलं.

६

बुधवारी सकाळी अकराला पाच मिनिटं असताना दिवे फडफडले. हृषीकेश एक नंबरच्या खोलीतच होता. पडद्यावर ओळ उमटली, दुसऱ्याशी संपर्क नाही. त्याखाली दुसरी ओळ आली. मतं एक. कोरम नाही.

तिसरी ओळ आलीच नाही. त्याने कळ दाबली, पडदा ढिम्म. शेडमधून मात्र सुताच्या यंत्रांची घरघर पूर्वीसारखीच येत होती. माल वाहत होता, म्हणजे दुसरा चालू होता.

त्याने खिशात हात घातला. दोन नंबरची किल्ली तिथेच होती.

इंटरकॉमवरचा लाल दिवा पेटला होता, लाइनवर कोणीतरी बोलत होतं. त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"...दोन नंबर चालू आहे साहेब," प्रभाकर सांगत होता. "एकचा सप्लाय काढू ना?"

"काढ," पलीकडून हृषीकेशचाच आवाज म्हणाला.

"प्रभाकर, थांब!" हृषीकेश ओरडला. "मी एक नंबरमध्ये आहे. मी हृषीकेश!"

लाइनवर नुसती खरखर. मग प्रभाकरचा आवाज आला, एकदम खाली गेलेला. "साहेब, लाइनवर कोणीतरी तुमच्यासारखंच बोली राहिलं."

"माहीत आहे. ऐकू नकोस. रविवारी सांगितलंय मी तुला," पलीकडचा म्हणाला.

"ते मी सांगितलंय!" हृषीकेश म्हणाला. "प्रभाकर, त्याला काहीही विचार. शर्वरीच्या अंगावर कुठे व्रण आहे ते विचार."

"उजव्या गुडघ्यावर," दोन आवाज एकदम म्हणाले, "सायकलवरून पडली तेव्हाचा."

प्रभाकर रडू लागला. पन्नाशीचा माणूस, हुंदका दाबायचा प्रयत्न करत होता आणि तो दबत नव्हता. "दोघंही बरोबर सांगी राहिले. मी काय करू साहेब?"

"पंच कोणाकडे आहे?" पलीकडच्याने विचारलं.

हृषीकेशच्या ओठांवरही तोच प्रश्न होता. त्याने तो गिळला.

"दोनकडे," प्रभाकर म्हणाला.

हृषीकेश रिसीव्हर तसाच टाकून दाराकडे धावला. पॅनेल रूम चाळीस पावलांवर होती. दार उघडलं, उन्हाचा लोट आत आला. दहा हातांवर आक्काबाई झाडत होती. त्याने तिला हाक मारली, दोनदा मारली. ती ताठ उभी राहिली, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून तिने पलीकडच्या खिडकीकडे बघितलं आणि ओळखीचं हसली. खिडकीतल्या निळ्या शर्टाने हात वर केला. ती पुन्हा झाडू लागली आणि झाडत झाडत हृषीकेशच्या दारावरून पुढे गेली.

त्याने पायरी उतरायला पाय उचलला. पाय उचललाच गेला नाही. मागे येता येत होतं, खोलीत फिरता येत होतं, पण उंबऱ्यापलीकडे अंग ऐकत नव्हतं. त्याने चौकटीला धरून जोर लावला. तळहात घामाने निसटले.

तो परत आला आणि त्याने रिसीव्हर उचलला. "शैलजाला काय सांगशील?" त्याने विचारलं.

"एकतीस मेचा टेम्पो ठरवलाय," पलीकडचा म्हणाला. "नाशिकला चाललोय आम्ही."

"मीही सांगणार होतो तिला."

"माहीत आहे मला," तो आवाज म्हणाला, अगदी मायेने. त्या मायेची हृषीकेशला जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटली नव्हती.

"काढतो साहेब," प्रभाकर म्हणाला आणि त्याने पहिला स्विच खाली ओढला. एसी थांबला. मग वरचा पंखा मंदावू लागला. हृषीकेश रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून शर्वरीच्या नावाने ओरडत राहिला, पण लाइनवर तोवर ते दोघं तीन नंबरच्या लाइनचं तापमान किती ठेवायचं ते बोलू लागले होते.